टोप्यांची इस्त्री

टेबलावर पंख उघडा पडला आहे, पाच फुटांचा.
बाल्साच्या छत्तीस फासळ्या;
ट्यूबलाइटखाली भिंतीवर सावली पडते
तीही फासळ्यांचीच.
याला आता कातडी हवी.

पहिल्या विमानाला पतंगाचा कागद लावला होता.
पातळ खळ, वरून पाण्याचा फवारा,
वाळता वाळता ताणून ढोलकी झाला.
वजन म्हणाल तर चार बिस्किटांइतकं.
यावल रस्त्याच्या माळावर उतरताना
बाभळीचा एकच काटा लागला
आणि दोन महिन्यांची संध्याकाळ फाटली.

मग रेशीम. रेशीम सुंदरच,
पण त्यावर डोप चढवायचं, एक हात, दुसरा, पाचवा,
आणि रेल्वे क्वार्टरभर असा वास
की शेजारचे फिरकेकाका आमचा सिलिंडर तपासून गेले,
दोनदा.

मग फिल्म. मागचा कागद सोलायचा,
इस्त्रीच्या उबेवर चिकटवायची, जास्त उबेवर आवळायची.
हिरवी घेतली, कारण दुकानात हिरवीच उरली होती.
केळीच्या बागेवर विमान वळलं
आणि हिरव्यात हिरवं.
रिमोट माझ्या हातात, अंगठे चालूच,
पलीकडे कुणी नाही.
सात आठवड्यांनी घड कापणाऱ्यांनी आणून दिलं,
आत मुंग्यांचं बिऱ्हाड.

म्हणून या खेपेला रंग आधी.
मे महिन्यात भुसावळचं आभाळ निळं नसतं,
धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखं असतं.
त्यात पांढरं हरवतं, पिवळं हरवतं,
चंदेरी तर दुसरा सूर्यच होऊन बसतं.
वरून केशरी, खालून काळे पट्टे:
दोनशे मीटरवरून एवढंच कळायला हवं
की माझ्याकडे त्याची पाठ आहे की पोट.
(माणसांचं हे मला अजून जमलेलं नाही.)

रंग ठरला, हात ठरेना.
घरची इस्त्री सपाट, पंखाची पुढची कडा गोल,
दर वेळी तिथेच चुण्या.
शेवटी पंख चादरीत गुंडाळला
आणि सुपडूनानांच्या टपरीवर गेलो.

नानांनी फिल्मचा तुकडा कानाशी धरून चुरगाळला.
"हे कापड नाही भो."
"नाही."
"याच्यात बसनार कोन?"
"कुणीच नाही."
"मंग इतलं कडक कशाले?"
मी हवा, दाब, असलं काही सांगू लागलो,
तोवर त्यांनी कोळशाची इस्त्री बाजूला सारली.
"ही पाच किलोची. तुझ्या काड्यांचा भुगा होईन."

आणि फळीखालच्या डब्यातून काढली
मुठीएवढी, होडीच्या पोटाची,
टोप्यांची.
एके काळी शनिवारी रात्री दीडशे टोप्या,
सकाळी बाजार, पाठोपाठ लग्नं.
आता आठवड्याला चार,
त्यातली एक त्यांची स्वतःची.

निखाऱ्यावर तापवली. ओलं बोट टेकवून
चर्र आवाज किती लांबतो ते ऐकलं.
थोडी निवू दिली, परत ऐकलं.
"आदी कडा, मंग पोट.
पोट आदी घेशीन त कडा रुसते."
जुन्या धोतराचा तुकडा तळाला बांधला
आणि पंखाच्या गोलाईवरून ती अशी गेली
की जणू ही एक टोपीच, कुणा फार लांब डोक्याची.
चुणी पुढे सरकली, आणखी सरकली,
टोकाशी जाऊन
नाही झाली.

पैसे विचारले.
नानांनी पंखावर टिचकी मारली,
बाजारात कलिंगडाला मारतात तशी,
आणि म्हणाले, "पाच टोप्यांचे दे."
मग वाकून पाहिलं.
"चारचे. डाव्या टोकाले फुगा राहिला.
घरी जाऊन सुई टोच."