मापवही

मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी
माझं दुकान. आठ बाय सहा, एक पडदा, एक आरसा.
पडद्याआड टेप लावला
की बायका वर पंख्याकडे बघतात.

शिवणक्लासात बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं:
छातीचा चौथा भाग, अधिक दीड इंच,
मुंढा अमुक, टक्स तमुक.
मी उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
पहिलंच गिऱ्हाईक कल्लव्वा,
आणि सूत्र तिथंच उसवलं.

कल्लव्वा सांगलीत हळदीची पोती उचलते.
दंड माझ्या मांडीएवढे, खांदे पडद्यात मावेनात,
छाती मात्र परातीसारखी सपाट.
"ढिला शिव गं," म्हणाली,
"हात वर गेला पायजे."
बाकी तिला काही विचारायचं नव्हतं.

इरावती आणि तिची जुळी बहीण,
एका ताटात जेवून वाढलेल्या, उंचीला एक, वजनाला एक;
एकीची कटोरी दुसरीला घातली
तर आत मूठभर वारा राहतो.

आणि मगदुमांची सुलोचना. बेचाळीस किलो,
कंबर दोन ओंजळीत येईल अशी, छाती छत्तीस.
पतपेढीत काउंटरवर बसून बसून
पोक आलंय तिला, पाठीवर काही ओझं नसताना.
"माझ्या अंगाचं वाटतच नाही हे," म्हणते,
जणू चुकीच्या पत्त्यावर
कुणी पार्सल टाकून गेलंय.

सव्वीस वर्षांत एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही:
डावं-उजवं सारखं असलेली बाई
माझ्या पडद्याआड अजून आलेली नाही.
कुणाचं दोन सूत, कुणाचं बोटभर.
मी एक टक्स गुपचूप सैल सोडते, इस्त्री फिरवते,
बाई आरशात बघून म्हणते,
"बघ, कसं बरोब्बर बसलं!"

शेजारी दस्तगीरचाचा भोपळा घासत असतात.
"आधी हा बघायचा, मग दांडी कापायची," म्हणतात,
"वेलावर याला कुणी माप दिलेलं नसतं."
ते सतारीबद्दल बोलतात.
मी टेप गुंडाळत ऐकते.

परवा सुलोचना म्हणाली,
"वहीत चौतीस लिहिशील?"
लिहिलं. तिच्यादेखत, शाईनं.
कापड छत्तीसचंच कापलं.

न्यायला आली तेव्हा घालून बघितलं, पैसे दिले,
पदर एकदाच पिन केला.
मग पायरीवर थांबली,
पर्समधून दुसरी पिन काढली.