खर्चाचा रकाना

नवा तक्ता आला गोल गुंडाळून,
रबरबँड लावून, राजापूरच्या एसटीने.
सोबत फॉर्म: सुधारित सूचना लागू करताना झालेला खर्च.
तो माझ्याकडे. मी इथला क्लार्क,
जैतापूरच्या खाडीकाठी बारा खाटांचा हिशेब ठेवतो.

छपाई जिल्ह्याची. लॅमिनेशन पंचेचाळीस रुपये,
कारण या हवेत नुसता कागद महिनाभरात भिंत सोडतो.
तीन सिस्टर दोन दिवस रत्नागिरीला प्रशिक्षणाला,
त्यांचं भाडं, जेवण.
त्या दोन्ही रात्री वॉर्डात एकट्या नफिसा सिस्टर.
याला रकाना नाही.

नुसत्या संशयावरही तासाभरात इंजेक्शन द्या, असं आता लिहिलंय.
म्हणजे गुरुवारपर्यंत कुप्या संपणार.
डॉक्टर म्हणाले, दहांतले सात साध्या तापाचे निघतील,
आणि उद्या औषधच लागू पडेनासं झालं
तर ते कुठे मांडणार आहात?
मी पेन्सिलीने एक आकडा टाकला. खोडला.

जुना तक्ता ओढला तसा भिंतीचा पोपडा घेऊनच निघाला.
त्याची पहिली ओळ: ताप आहे का?

जाईबाई आडविरकरला ताप नव्हता.
बोटात शिंगाळ्याचा काटा, तिसरा दिवस,
अंग पेटीतल्या मासळीसारखं गार.
भर फेब्रुवारीत सांगत होती,
पाऊस आला, सुकट आत घ्या.
नफिसा सिस्टरांनी श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावीस.
पुन्हा मोजले.
तक्त्यावर बोट ठेवून वरून खाली आल्या
आणि थांबल्या.
तक्ता म्हणत होता, सकाळपर्यंत लक्ष ठेवा.
सकाळी अँब्युलन्समध्ये
हातखंब्याच्या अलीकडे कुठेतरी
तिचं सुकटीचं बोलणं थांबलं.

नव्या तक्त्यावर सातवी ओळ:
अंग गार असलं, बोलणं भरकटलं, तरी संशय घ्या.
आठ शब्द.
कुठल्या कुठल्या वॉर्डांतली किती नावं बेरजेला धरली
तेव्हा हे आठ शब्द हाती लागले, मला ठाऊक नाही.
आमचं रजिस्टर कुणी मागवलं नव्हतं.

नफिसा सिस्टर ती ओळ वाचत उभ्या होत्या.
"हे कधीपासून लागू?"
मी पत्रावरची तारीख सांगितली.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, अर्ध्यावर सोडलं,
आणि चिकटपट्टी मागितली.

चिकटपट्टी, एक नग, बारा रुपये.
तेवढं मी शाईने लिहिलं.