भागिले साडेसव्वीस

डुलूथच्या वाचनालयाच्या तळघरात
फेब्रुवारी ते एप्रिल, मंगळवारी आणि शनिवारी,
मी म्हाताऱ्या माणसांची करविवरणं फुकट भरून देते.
एकतीस वर्षं शाळेत अपूर्णांक शिकवले,
आता तेच अपूर्णांक जाड ओव्हरकोट घालून
माझ्यासमोर येऊन बसतात.

आर्विड पुक्किला. यंदा त्र्याहत्तर.
खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा.
बुटांवरचा बर्फ न झटकता आत आला,
बुटांच्याच खोक्यातून कागद काढले:
पेन्शनचे, विम्याचे, हीटरच्या वॉरंटीचा एक,
आणि मासे धुरवायची कृती, बायकांच्या वळणाच्या अक्षरात.
ती मी बाजूला सारली.
त्यानं उचलून परत खोक्यात ठेवली.

म्हटलं, निवृत्तीच्या खात्यातून
या वर्षापासून थोडे पैसे काढावेच लागतील.
"मला नकोत."
तुम्हाला नकोत, सरकारला हवेत.
इतकी वर्षं कर पुढे ढकललात,
आता तो दारात येऊन उभा राहिलाय.
"किती?"
गेल्या वर्षअखेरची शिल्लक तीन लाख अठरा हजार डॉलर,
भागिले साडेसव्वीस.
"साडेसव्वीस काय?"
वर्षं. कोष्टकात तसं आहे.
कोष्टक धरून चालतं की तुमच्या घरात
तुमच्याहून दहा वर्षांनी लहान कुणीतरी आहे.

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला.
"सिग्ने दोन वर्षांनी मोठी होती माझ्याहून.
हे ऐकलं असतं तर तुमच्या सरकारला जेवायला वाढलं नसतं तिनं."
मग डोळे पुसत, "आणि ते अर्धं कुठलं?
उन्हाळ्याकडचं की हिवाळ्याकडचं?
इथे हिवाळ्याकडचं अर्धं फार लांब असतं."

बारा हजार.
भाग पूर्ण गेला, मागे काही उरलं नाही.
खऱ्या माणसांच्या हिशेबात असं सहसा होत नाही.
मी उगाचच खूश झाले.

मग वारसाचा कागद.
तुमच्या मृत्युपत्रात काय लिहिलंय
ते हे खातं वाचत नाही, म्हटलं,
त्याला फक्त हा एक कागद वाचता येतो.
पहिली ओळ, निळी शाई: सिग्ने मारिया पुक्किला. नातं: पत्नी.
दुसरी ओळ कोरी.
मुलंबाळं?
"एक मुलगी. टूसॉनला. बोलणं नाही."
कुणाचं कुणाशी, ते मी विचारलं नाही.
माझ्या स्वतःच्या कागदावर पहिली ओळही कोरी आहे.

नवा फॉर्म पुढे केला. हे जुनं नाव काढून टाकू.
त्यानं पेनचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.
"काढायलाच हवं?"

शाळेत असते तर हो म्हटलं असतं,
चुकलेली पायरी खोडायची, मगच पुढे.
पण नियम असा आहे
की पहिल्या ओळीतलं माणूस नसलं
तर पैसा दुसऱ्या ओळीत उतरतो.
वकील नाक मुरडेल, बँक एक फोन करेल.
नाही, म्हटलं. राहू दे. खाली अजून जागा आहे.

त्यानं सिग्नेचं नाव पुन्हा लिहिलं, पूर्ण,
जन्मतारखेसकट, न अडखळता.
खाली लिहिलं: काइसा.
आडनाव आठवेना. लग्नानंतरचं.
खिशातली डायरी काढून, बोट ठेवून उतरवून घेतलं.
नंबराच्या रकान्यात सहा आकडे घातले आणि थांबला.
"बदलला असेल हा."
लावून बघा, म्हटलं. चुकीचा नंबर चालत नाही.
हे मात्र मी जरा मास्तरणीच्या आवाजात म्हटलं.

तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीवर आहे,
तिच्यातून माणसं दिसत नाहीत, नुसते बूट दिसतात.
त्याचे बूट फुटपाथवर उभे होते,
टाचांवर बर्फ तसाच.
एकदा डावा बूट थोडा वळला,
मग परत सरळ झाला.

मी पुढचा नंबर पुकारला.
मिसेस ओड्गार्ड, घरपट्टीची सूट,
कानाला नीट ऐकू येत नाही.
तिला प्रत्येक आकडा मोठ्यानं दोनदा सांगितला.
मान वर केली तेव्हा
बूट अजून तिथेच होते.