हुशार

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटापलीकडं,
ज्या शेडात मी लागलो
तिथं बीड ओतायला चौघं लागत.
भट्टीवर दस्तगीर, मळी ओढायला सातेरी,
आणि रसाचं भांडं वाहायला दोघं:
लांब दांडा, मधोमध कडं, कड्यात भांडं,
पुढं अडिवेप्पा, मागं मी.
ओतायची मूठ मागच्याकडं.
पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात,
मागच्याला ती पाठच तेवढी दिसते.

मी येळ्ळूरचा, तो हिरेबागेवाडीचा.
मला त्याच्यातले आकडे यायचे, वीसपर्यंत.
त्याला माझ्यातलं 'ये' आणि 'जा'.
महिना गेला. काम चाललं होतं.
म्हटलं, बोलायचंय काय त्यात,
लोखंड काय भाषा विचारतंय?

शनिवारी, बाराव्या साच्याकडं जाताना
वाटेत कोअरचा तुकडा पडलेला.
अडिवेप्पानं बघितला, ओलांडला
आणि ओरडला, "हुशार!"

मला शाळा आठवली.
नववीत नापास झालो त्या दिवशी
मास्तर बाकावर उभा करून म्हणालेले,
बघा रे, हे आमचे हुशार.
आदल्या दिवशी मी दोन साचे कमी भरलेले.
त्याचा डूख धरलाय, म्हटलं. धरू दे.
पाऊल मुद्दाम दणकून टाकलं.

भांडं कलंडलं. थोडंच, कपभर म्हणा.
ओलसर कोब्यावर रस पडत नाही, फुटतो.
एक थेंब, ज्वारीच्या दाण्याएवढा,
अडिवेप्पाच्या बुटात उतरला.
त्यानं दांडा सोडला नाही.
भांडं टेकेपर्यंत सोडला नाही.
हे मी घरी अजून नीट सांगू शकलेलो नाही.

दुपारी डबे तसेच राहिले.
दस्तगीर मधे बसला.
"काय म्हणालास त्याला?"
"हुशार."
"आणि तू काय ऐकलास, ओमाणा?"
"हुशारच की."
सातेरी हसला, मग हसणं गिळलं.
दस्तगीर म्हणाला, "त्याच्यात हुशार म्हणजे जपून.
आमच्यात पण जपून.
तुझ्यातच तेवढा पहिला नंबर."

सोमवारी भट्टी तापेपर्यंत
वाळूच्या ढिगावर बसून शब्द निवडले.
थांबायला त्याचं 'निंद्र' घेतलं,
पंख्याच्या घरघरीतून ते कापत जातं.
'सावकाश' दोघांच्यात एकच निघालं,
फुकटात मिळाल्यासारखं वाटलं.
'उचल'वरून मात्र दोन दिवस भांडलो,
शेवटी खोकायचं ठरलं.
आणि ऐकलं त्यानं ऐकलेलं परत म्हणायचं.
सातेरीला हा पोरखेळ वाटला,
तो अजून म्हणत नाही, नुसता हात वर करतो.
चालतं.

सगळ्यात अवघड वाक्य माझ्याच भाषेतलं होतं:
पेलवेना, खाली ठेवू या.
ते तोंडातून निघायला नागपंचमी उजाडली.
कोणी काही बोललं नाही.
भांडं टेकवलं, हात झटकले,
अडिवेप्पा खोकला,
मी खोकलो.

बाहेर गेटावरची पाटी
त्या वर्षात दोनदा काळी झाली, दोनदा रंगवली.
आत आम्ही सहाशे पंपांची अंगं ओतली,
त्यातली चौदा फुटकी निघाली
आणि चौदाही कोणामुळं, यावर बोलणं झालं,
काही वेळा मोठ्यानं.

परवा चहाला त्याला सांगितलं,
पोरीचं पुस्तक आलंय, बाईंनी लिहिलंय,
मुलगी हुशार आहे.
त्यानं कप खाली ठेवला.
पोटरीवरचा डाग खाजवत, काळजीनं विचारलं,
"हुशार झाली? बरं झालं.
पण आजारी कधी होती?
मला का नाही सांगितलास?"