ओल

तीस वर्षं वाळू मुठीत धरून पाहिली.
दाबायची, उघडायची.
बोटांचे ठसे उमटले, गोळा मधोमध साफ तुटला
की साचा भरा म्हणायचो.
ओल राहिली तर लोखंड आत उकळतं,
कास्टिंगला भोकं पडतात,
आणि उद्यमनगरातला पार्टीवाला
टेम्पो परत पाठवतो, शिव्यांसकट.

आता फुलेवाडीत, गच्चीवर,
मालनच्या जुन्या लुगड्यावर कांद्याच्या चकत्या.
परसातले टोमॅटो, बिया काढून, मीठ लावून.
गाजराचा पाला. (टाकू नको म्हटलं, तर हसली.)
आलं, कडीपत्ता, सालीसकट ठेचलेला लसूण,
आणि संकेश्वरी मिरची एका कोपऱ्यात,
तिच्याजवळ कबूतरसुद्धा जात नाही.

चौथ्या दिवशी मूठ भरून दाबलं.
बरोबर वाटलं.
पिशवी घेऊन केएमटीत बसलो,
रंकाळा स्टँडपर्यंत आख्खी बस शिंकत होती,
कंडक्टरनं तिकिटाबरोबर एक नजर दिली.

डंकावर कलाक्का.
मुसळं धडाड धडाड, भुवया लाल, तोंडावर पदर.
तिनं टोमॅटोची एक चकती उचलली,
कानाजवळ नेली,
मोडली.
"न्हाई कुटायचं हे. ओल हाय."
मी म्हटलं, मूठ बघा की, मी फौंड्रीत होतो.
"असाल. वाळलं की वाजतंय.
ह्यो गप हाय.
पावसाळ्यात बरणीला बुरशी धरली
की माझ्या डंकाचं नाव घ्याल."
मागं तीन बायका रांगेत. एकीनं माझी पिशवी सरकवली,
पायानं.

म्हणजे रिजेक्ट.
मीही असेच परत पाठवले असतील,
किती साचे, किती पोरं,
कधी तोंडावर वाळू फेकून.
शिकाऊ सर्जेराव आठवला. त्याचं काय झालं,
विचारलं नव्हतं.

पुन्हा गच्ची. पुन्हा दोन उन्हं.
एक चकती कानाशी नेली, मोडली.
काहीच नाही.
दुसरी. तिसरी.
मग ध्यानात आलं:
डावा कान नॉकआऊट मशिननं नेला,
उजवा थोडा थोडा, हप्त्यानं.

मालनला हाक मारली.
ती पीठ लागलेल्या हातानं वर आली,
पाण्याच्या टाकीला टेकून बसली.
मी मोडायचो, ती ऐकायची.
"व्हय."
"व्हय."
"न्हाई, ह्यो ठेवा बाजूला."
ऊन सरकलं तसं आम्ही सरकलो,
खाली भाकरीचं पीठ सुकून गेलं असणार,
ती काही बोलली नाही.

एकदा मला वाटलं, आला,
स्पष्ट आला आवाज.
आला की नाही गं?
म्हणाली,
"चकती न्हवं ती.
तुमचं बोट मोडलं."