पाच आणि तीन त्रेपन्न

प्रयोगशाळेत संगणक अठरा, आम्ही एकेचाळीस.
एका खुर्चीत दीड माणूस.
ओग्वेनोचा उजवा हात माऊसवर, माझा डावा कीबोर्डवर,
मधे कुणाचं तरी कोपर.
नेकेसा मॅडमनी फळ्यावर लिहिलं, लेट,
आणि म्हणाल्या, म्हणजे असू दे.
असू दे किंमत शून्य.
असू दे नाव रिकामं.
मला आवडली ही भाषा,
जिची सुरुवातच समजूत घातल्यासारखी होते.

दुसऱ्याच आठवड्यात कळलं, बया काटेकोर आहे.
एक कंस उघडा राहिला की सगळं पान पांढरंफटक,
आणि चूक असते सत्ताविसाव्या ओळीत
तर बोट दाखवते एकोणतिसाव्या ओळीकडे,
आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांसारखी.
एक बरोबरचिन्ह म्हणजे ठेव.
तीन म्हणजे, हे खरंच तेच आहे का, नीट बघून सांग.
चाचणीत मी घाईत एकच लिहिलं
आणि माझ्या प्रोग्रॅमनं आल्यागेल्या प्रत्येकाला
व्यवस्थापक करून टाकलं.
मॅडम हसल्या नाहीत.
लाल पेनानं दोन चिन्हं वाढवली, पुढचा कागद घेतला.

सत्राचा प्रकल्प: घरातल्या कुणाच्या तरी कामाचं पान.
ओग्वेनोनं बोडाबोडा चालवणाऱ्या मामाचं केलं.
मी आईचं.
आई डुंग्याच्या धक्क्यावर ओमेना विकते,
बोटाएवढी रुपेरी मासळी, कडक वाळवलेली,
गोरोगोरोच्या डब्यानं मापून.
उधारीची वही म्हणजे टपरीचा पत्रा:
कोळशाच्या चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
सरोवरावरून वारा सुटला की तुषार येतात
आणि दोनचार देणेकरी आपोआप मोकळे होतात.

मी दोन चौकोन केले, एक बटण, बटणाखाली उत्तराची जागा.
रात्री जेवणं झाल्यावर फोन तिच्या हातात दिला.
म्हटलं, म्हाताऱ्या ओलांगोची उधारी घे.
कालचे डबे इथे, आजचे इथे, आता दाब.
तिनं लेसोला हात पुसले.
पाच.
तीन.
दाबलं.
त्रेपन्न.

मी जमिनीकडे बघत बसलो.
मॅडम सांगून सांगून थकल्या होत्या,
चौकोनात लिहिलेला आकडा हा आकडा नसतो, अक्षर असतं.
अक्षराला अक्षर भेटलं की त्यांची बेरीज होत नाही,
नुसती शेजारी शेजारी उभी राहतात.

आईनं मात्र पलीकडच्या अडोयोला हाक मारली.
"बघ गं, आठ डब्यांचे त्रेपन्न केले पोरानं!
कॉलेजची फी उगाच नाही भरली."
दोघी हसल्या, इतक्या की खुराड्यातली कोंबडी उठली.
मी म्हणालो, एक शब्द राहिलाय, आत्ता लावतो.
"लाव की," आई म्हणाली, "पण उद्या.
आजची रात्र असू दे.
लागू दे ओलांगो त्रेपन्नाचं देणं."

सकाळी तो शब्द लावला.
पाच आणि तीन आठ.
आईनं मान हलवली,
गिऱ्हाइकानं मोजून बरोबर पैसे दिले की हलवते तेवढीच.
मग कोळसा उचलला
आणि पत्र्यावरही आठ केले.
"याचं चार्जिंग संपलं तर," म्हणाली.

प्रकल्प देताना
चुकलेली ओळ मी पुसली नाही.
तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा ओढल्या.
तेवढ्यानं ओळ मुकी होते,
संगणक ती वाचत नाही.
मॅडमनी वाचली.
छापील प्रतीच्या समासात लाल पेनानं विचारलं:
ही कशाला ठेवलीस?