तीन मिलिमीटर

फर्मागुडीचं पठार, वसतिगृह क्रमांक दोन.
तपासायची दारं: एकेचाळीस.
किल्ल्यांचा जुडगा मिंगेलकडे
आणि मिंगेल उंडे आणायला गेलेला.
मी पायरीवर बसून फॉर्म भरायला घेतो:
तपासनीस, उमाकांत सोयरू च्यारी.
मधलं नाव लिहिताना दरवेळी
रंध्याचा आवाज येतो.

बाबा दारं करायचे. फणसाची, शिवणीची.
आषाढात लोक बोलवायला यायचे,
दार फुगलंय, जरा मारून द्या,
आणि ते दोन-चार कुरळी सालपटं काढून
बोटानं लोटलं तरी उघडेल असं करून द्यायचे.
उघडणं, एवढाच त्यांच्या लेखी दाराचा धर्म.

मी दुसऱ्या टोकाला उभा.
माझं दार कुणी न लोटता मिटायला हवं,
खटक्यापर्यंत, दरवेळी,
आणि मिटल्यावर तीस मिनिटं
पलीकडच्या आगीला पलीकडेच ठेवायला हवं.

फटीत मापाचं पातं सारतो. तीन मिलिमीटर. ठीक.
चौथ्याला पाच.
सहाव्याचा क्लोजर काढून कपाटावर ठेवलेला.
"आवाज करतो सर, अभ्यास होत नाही,"
कानातले हेडफोन उतरवून मुलगा सांगतो.
नवव्याला दोनच बिजागऱ्या,
तिसरीच्या भोकांत टूथपेस्ट.
अकराव्याच्या कडेला ती काळी पट्टी असते,
आच लागली की फुगून फट बुजवणारी,
तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात.
कंत्राटदाराला वाटलं असेल, मळ आहे.

बाबांना एकदा सांगितलं होतं त्या पट्टीविषयी.
ते बराच वेळ गप्प. मग,
"म्हणजे लाकडाची खोड
तुम्ही आता पैसे देऊन विकत घेता."

दुसरा मजला. दार चौदा. सताड.
पायाशी अर्धा चिरा, तांबडा.
फरशीवर त्याच्या धुळीची वाट पडलीय,
म्हणजे हा कालचा नव्हे.
मी पायानं सरकवणार, तर आतून
एक काटकुळा मुलगा उठतो.
प्रजल वेळीप. खोतीगाव. मेकॅनिकल, दुसरं वर्ष.
"तो नका काढू, सर."
समोरच्या खाटेवर कुणीतरी गाढ झोपलेलं, सकाळी अकराला.
"आन्सेल्मला रात्री फिट येते. मी लायब्ररीत असलो
आणि दार लागलेलं असलं, तर कुणाला ऐकू जाणार?"

फॉर्मवर चौकटी दोनच. होय. नाही.

मी सांगतो, जे सांगायचं असतं:
खाली इंडक्शनवर कुणी भात विसरला
तर धूर जिना किती भराभर चढतो,
आणि उघड्या दारातून शिरताना
आत कोण आजारी आहे हे विचारत नाही.
तो ऐकतो. मान हलवतो. चिऱ्याकडे बघत राहतो.
"पण सर, आग अजून लागलेली नाही.
फिट मंगळवारी आली होती."

चुंबक मिळतो. दार उघडं धरून ठेवतो,
गजर वाजला की सोडून देतो.
शेऱ्यात लिहिलं: दार चौदा, चुंबक, तातडीने.
खाली दोन रेघा.
दोन रेघांना पणजीला पोचायला
किती महिने लागतात, मला माहीत आहे.

तोवर?
तोवर, मी मिंगेलला म्हटलं, ह्या दोघांना
तळमजल्यावर तुझ्या भिंतीला लागून खोली दे.
मिंगेल म्हणाला, मी घोरतो.
वेळीप पहिल्यांदा हसला. आन्सेल्म तसाच झोपलेला.

चिरा काखेत घेऊन जीपपर्यंत आलो.
नियमाप्रमाणे.
गोव्यात चिऱ्यांना तोटा नाही,
हे त्यालाही ठाऊक, मलाही.
शर्टाची डावी बाजू लाल झाली ती झालीच.

संध्याकाळी मडकईला, घरी.
बाबांच्या हातचं दार मागे लोटलं.
ते निम्म्यावर आलं, नेहमीसारखं,
आणि तिथंच राहिलं.
उगाच खिशातलं पातं काढून फटीशी धरलं.
पातं कसलं, अख्खा हात आत गेला.

"कोण रे?"
बाबा, आतल्या खोलीतून.